कॉव्हेंट्रीला धाडलेलं घर

सोमवारी सकाळी, भोंगा होऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती, तेव्हा विनी हॅस्लमनं समोरच्या साच्यावरून मान वर केली, सरळ लेटी पिलिंगच्या तोंडाकडे बघितलं आणि ओठांनी म्हणाली, "थंडी गेली बाई एकदाची." एवढं म्हणाली आणि साच्यातला दोऱ्याचा धोटा बदलायला वाकली. लेटीचा हात होता तिथेच राहिला. ताण्याचा एक दोरा तुटला, मग दुसरा, कापडात बोटभर जाळी पडली तरी तिला समजलं नाही. थॉर्नशॉच्या कापडगिरणीत, साचेखात्यात, कापड विणायचे चारशे साचे एकदम धडधडतात, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. चाळीस फुटांवरच्या बाईच्या सुनेची उणीदुणी काढायची तर जागचं हलावं लागत नाही. आणि कोणाशी बोलायचं नसेल तर तोंड मिटायचंही कारण नाही, फक्त तिच्याकडे बघायचं नाही. जानेवारीपासून लेटीकडे कोणी बघितलं नव्हतं. सबंध खात्यात ती डोक्यावरचे रुमाल आणि केसांच्या पिना बघत होती. आता मे अर्धा सरला होता, थंडी जाऊन तीन आठवडे झाले होते, पण लेटीला वाटलं की खरंच, ती आत्ता गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसताना तिला स्वतःचाच राग आला. एवढ्याशा तुकड्यासाठी शेपूट हलवायची म्हणजे काय! पण दुपारच्या सुट्टीपर्यंत तिनं अकरा वेळा मान वर करून बघितलं, की विनी पुन्हा काही म्हणतेय का.

इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री हे गाव थॉर्नशॉपासून शंभर मैल दक्षिणेला आहे. मोटारी बनतात तिथे. थॉर्नशॉमधलं कोणी तिथे गेलेलं नाही, कोणाचं त्या गावाशी वाकडं नाही, आणि ज्याला तिथे पाठवतात तोही कुठे जात नाही. तो आपल्याच गल्लीत राहतो, आपल्याच गिरणीत कामाला जातो, फक्त त्याच्याशी कोणी बोलत नाही. आपण वाळीत टाकतो, हे लोक कॉव्हेंट्रीला पाठवतात. शाळेत असताना लेटीला मुलींनी अर्धा दिवस पाठवलं होतं, पेन्सिल परत केली नाही म्हणून. दूधवाला उशिरा आला की बायका हसत म्हणायच्या, उद्यापासून तू कॉव्हेंट्रीला. लग्नाच्या पहिल्या वर्षी एमॉस तिचा वाढदिवस विसरला, तेव्हा तिनंही त्याला कॉव्हेंट्रीला धाडलं होतं. तो दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात येऊन टोपी काढून विचारायचा, "गाडी परत कधी निघते हो?" शेवटी चहाच्या वेळी तिला हसू आवरलं नाही आणि तो परत आला. ते इतकं सोपं होतं. युनियनच्या जानेवारीतल्या सभेत मात्र कोणी हसत नव्हतं. गिरणी संपावर होती, आठवा दिवस होता, रात्री पाणी गोठत होतं. एमॉस गिरणीचा बॉयलरवाला. सत्तावीस वर्षं त्यानं तो एकच बॉयलर सांभाळला होता, त्याची खोकण्याची तऱ्हासुद्धा त्याला पाठ होती. पाणी आत गोठलं तर बॉयलर फुटणार, म्हणून तो मागच्या दारानं आत गेला, तासाभरात पाणी सोडून दिलं आणि घरी आला. संपात गिरणीत पाऊल टाकलं. तेही एक वेळ खपलं असतं, पण मालकानं त्याचे आभार मानणारी चिठ्ठी लिहून फाटकावर चिकटवली. झालं. त्याच्यामुळे गिरणी वाचली हे सगळ्यांना मान्य होतं, आणि त्याचाच राग जास्त होता. युनियनचा चिटणीस होता विनीचा नवरा, जो हॅस्लम, पिलिंगांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. एमॉसला पाठवायचं म्हणणाऱ्यांचे हात त्यानं मोजले. विरुद्ध कोण, असं विचारल्यावर एमॉसनंसुद्धा हात वर केला नाही. घरी येऊन तो म्हणाला, आपल्याच बाजूनं आपणच हात कसा वर करायचा? सभेतून बाहेर पडताना हॅस्लम त्याला म्हणाला होता, "एमॉस, हे शेवटचं बोलणं." एमॉसनं विचारलं, किती दिवस? तोवर जोनं पाठ फिरवली होती.

बायकांनी काही ठराव केला नव्हता. पण घरचं माणूस म्हणून लेटीही त्याच्यासोबत कॉव्हेंट्रीला गेली. खाटकाकडे तिची पाळी आली की दुकानातलं बोलणं थांबायचं. खाटीक बोट वर करायचा, ती बोट दाखवायची. पहिले पंधरा दिवस तिनं ताठ मानेनं काढले. मग तिच्या लक्षात आलं की ताठ मान बघायलाही कोणीतरी लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे तिला यातलं सगळं आधीपासून माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी आयव्ही क्लेगच्या नवऱ्याला असंच तीन महिने पाठवलं होतं, आणि आयव्ही एकदा हातात रिकामा कप घेऊन साखरेसाठी लेटीच्या दारात आली होती. लेटीनं तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत पायपुसणं झटकलं होतं. त्या वेळी तिला कसलंच वाईट वाटलं नव्हतं. उलट संध्याकाळी विनीला सांगताना मजा आली होती, कशी उभी होती गं ती, कप धरून. ते आता रोज आठवायचं. त्यातही आयव्हीबद्दल फारसं काही नसायचं, आपण किती हसलो होतो तेच असायचं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत विनी बाकावर थोडी सरकली. शेजारी जागा झाली. लेटी चहाचा डबा घेऊन त्या जागेत बसली आणि तिच्या मांडीला विनीची गरम, जाड मांडी लागली. दोघी पाव खात राहिल्या. मग विनी तोंडातला घास न संपवताच हळूच म्हणाली, "शनिवारी बघितलं हो आम्ही बाजारात. मी होते, माझी जाऊ होती. तो समोरच्या फुटपाथवरून टोपीला हात लावून तुझ्याशी बोलतोय, आणि तू आपली तोंडावरची माशीही न उडवता निघून गेलीस. कसं जमलं गं तुला? मला नसतं बाई जमलं."

शनिवारी वारा होता. डोंगरावरून वारा आला की लेटीच्या डोळ्यांना पाण्याची धार लागते, लहानपणापासूनची खोड. हातात पिशवी, डोक्यात कांदे विसरल्याचा विचार, समोर सगळं धूसर. एमॉस तिथे होता हे तिला माहीतच नव्हतं. घरी आल्यावर तो काही बोलला नाही आणि तिला काही विचारायचं कारण नव्हतं. म्हणजे हे असं होतं तर. थंडी गेली ती त्या वाऱ्यानं. आता फक्त तीन शब्द बोलायचे होते, मला दिसला नाही. ते जिभेवर आलेही. पण विनी तिच्याकडे बघत होती, चार महिन्यांत पहिल्यांदा एक माणूस तिच्याकडे बघत होतं, आणि त्या नजरेत कौतुक होतं. ती मांडी होती, ती ऊब होती. खरं सांगितलं की विनी पुन्हा अर्धा हात पलीकडे सरकेल, आणि मग पुढचा सोमवार, आणि त्याच्या पुढचा.

"जमतं," लेटी म्हणाली.

विनीनं तिला आपल्यातली अर्धी करंजी दिली, आत जॅम घातलेली. लेटीला ती इतकी गोड लागली की घशाशी आली.

त्या संध्याकाळी एमॉसनं चहा पिता पिता विचारलं, कप खाली न ठेवता, सहज विचारल्यासारखं, "शनिवारी तुला मी दिसलो नाही का गं?" ती म्हणाली, वारा होता. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. तो म्हणाला, तेच म्हटलं मी, तुझे ते डोळे! आणि दोन दिवस त्याच्या मनात काय काय आलं ते सांगून स्वतःलाच हसत सुटला. ती भांडी घासत होती. तिनं खरं तेच सांगितलं होतं. तरी तिला वाटलं की आपण याला फसवलं, आणि त्याहून चीड आली ती यानं इतक्या पटकन विश्वास ठेवला याची. माणूस दिवसभर विस्तवापुढे एकटा बसतो, कोळसेवाले कोळसा टाकून मुकाट्यानं निघून जातात, हाताखाली दिलेला माणूस नुसता बघतो आणि काही विचारत नाही, म्हणून संध्याकाळी बायकोनं दोन शब्द टाकले की हा लगेच गोंडा घोळतो. तिच्या मनात नेमकं हेच आलं, याच शब्दांत, आणि आपण सकाळी अकरा वेळा मान वर केली होती हे तिला तेव्हा आठवलं नाही.

बुधवारी विनी म्हणाली, "काल संध्याकाळी तुमच्याकडे बोलणं चाललेलं ऐकू आलं." विनी हसत होती. मग म्हणाली, "रेडिओ असेल." लेटी म्हणाली, रेडिओच. त्या गल्लीतल्या भिंती एका विटेच्या; पलीकडे हॅस्लम खोकला की पिलिंगांच्या कपाटातली बशी वाजायची. त्या दिवसापासून लेटी घरात ओठांनी बोलू लागली. एमॉसला आधी काही समजेना, मग त्याला त्यात गंमत वाटू लागली. ओठ वाचायला तिनंच त्याला शिकवलं होतं, लग्नाआधी, चॅपेलमध्ये पाद्र्याचं प्रवचन चालू असताना, समोरासमोरच्या बाकांवरून. तेव्हा ती जे ओठांनी म्हणायची ते मोठ्यानं म्हणायची तिची छाती नव्हती. आता चाळिशी उलटलेला तो माणूस मटणात बटाटे किती घालू असं तिनं निःशब्द विचारलं तरी पोरासारखा लाजायचा आणि निःशब्दच उत्तर द्यायचा, भरपूर. त्याला वाटलं, ही आपल्या दोघांची चोरटी भाषा आहे. त्याला विनीचं काही माहीत नव्हतं. लेटीनं सांगितलं नाही. ओठांनी बोलायचं तर समोरच्याकडे बघावं लागतं, आणि हळूहळू तिला त्याच्याकडे बघणं अवघड जाऊ लागलं. मग ती सुई ओवताना बोलायची, म्हणजे बोलायची नाहीच. तो टेबलावर बोटानं टकटक करायचा, तिनं वर बघावं म्हणून. ती टकटक तिला साच्यांच्या धडधडीपेक्षा जास्त लागायची.

आणि तिकडे साचेखात्यात तिला दिवस पुरेना. विनीपाठोपाठ विनीची जाऊ आली, मग सगळ्याच. जूनमध्ये तिला एका बारशाला बोलावलं. खाटीक म्हणाला, आज काळीज ताजं आहे, लेटीताई. ती काय करते, घरी कसं वागते, तो काय करतो, हे बायका तिला विचारत आणि ती सांगायची. पहिल्यांदा रचून सांगायची. तो विचारतो आणि मी उत्तर देत नाही. तो बोटं वाजवतो. काल म्हणाला, लेटी, मीठ कुठे आहे, आणि मी सरळ बाहेर पडले. बायका हसायच्या, आयव्हीच्या कपाला हसल्या होत्या तशाच. मग संध्याकाळी घरी तो खरंच विचारायचा की मीठ कुठे आहे, आणि सांगितलेलं खोटं पडू नये म्हणून म्हणा किंवा उद्या सांगायला काहीतरी हवं म्हणून म्हणा, ती बाहेर पडायची. त्यात तिला एक चव लागली होती. कोणीतरी आपल्या एका शब्दासाठी उभं आहे आणि तो शब्द आपल्या मुठीत आहे! आयुष्यभर तिच्या मुठीत दुसरं काही आलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी रेडिओवर फुटबॉलचे निकाल लागायचे, त्यात कॉव्हेंट्रीचं नाव यायचं, पूर्वी तेवढ्यापुरतं दोघं एकमेकांकडे बघून कसंनुसं हसायची. हंगाम संपला तसे निकालही थांबले. एमॉस बारीक झाला होता. त्यानं एकदा तिची बाही धरली आणि मोठ्यानं, भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी तुझं काय केलं?" तिनं बाही सोडवून घेतली. पलीकडे जोचं खोकणं थांबलं होतं, म्हणजे ती दोघं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी विनीनं तिचा हात दाबला.

जुलैत गिरणीला आठवड्याची सुट्टी असते आणि सगळं थॉर्नशॉ समुद्रावर जातं. सगळं म्हणजे सगळं. दुकानं बंद, चॅपेल बंद, पाववाला बंद, तीन खास गाड्या भरून माणसं ब्लॅकपूलला जातात, आणि तिथे त्याच शेजाऱ्यांच्या शेजारी खुर्च्या टाकून बसतात. मागे राहतो तो बॉयलरवाला. थंड झालेल्या बॉयलरच्या आत शिरून खरवडायचं, पुसायचं आणि शुक्रवारी पुन्हा पेटवायचा, म्हणजे सोमवारी भोंग्याला वाफ तयार. एमॉसची सत्तावीस वर्षं अशीच गेली होती, आणि लेटीचीही. निघताना विनीनं लेटीच्या हातात पायरी घासायचा पिवळा दगड ठेवला. म्हणाली, "आमची पायरी तेवढी बघशील? सगळी गल्ली चकाचक आणि माझीच काळी, असं नको बाई." आपली पायरी दुसऱ्या बाईच्या हाती देणं ही तिथे साधी गोष्ट नाही. लेटीला जानेवारीपासून जे जे नाकारलं होतं ते सगळं त्या दगडात परत मिळालं.

गाड्या गेल्या. गल्लीत कुत्रं नव्हतं. चिमणीचा धूर नाही, म्हणून आभाळ कधी नव्हे ते निळं होतं आणि डोंगर हातावर आल्यासारखे दिसत होते. सोमवारी संध्याकाळी एमॉस काजळीनं काळा होऊन घरी आला, त्यानं हातपाय धुतले, स्वच्छ सदरा घातला आणि खुर्ची ओढून तिच्या समोर बसला. त्यानं भिंतीवर मूठ आपटली. पलीकडे रिकाम्या घरात आवाज घुमला. "कोणी नाही," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना कोणी नाही. अख्ख्या गावात कोणी नाही, लेटी. आता बोल."

तिला वाटलं होतं ती बोलेल. आठवडाभर आधीपासून तिनं ठरवलं होतं, ती माणसं गेली की याला सगळं सांगून टाकू, वारा, विनी, ती करंजी, सगळं. पण तो समोर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, सदऱ्याची वरची गुंडी लावलेला, मुलाखतीला आल्यासारखा, आणि तिला दिसलं की आता बोललं तर एवढे दिवस का बोललो नाही ते सांगावं लागेल. भिंतीमुळे, असं म्हणता आलं असतं. पण भिंत होती तेव्हा ओठ होते, आणि ओठ होते तेव्हा तिनंच मान खाली घातली होती. ही सबब चालायला, ती भिंतीला घाबरत होती हे दोघांपैकी एकाला तरी खरं वाटायला हवं होतं. तिनं उठून दिवा लावला, बाहेर उजेड असताना. तो मंगळवारीही तसाच बसला. बुधवारी त्यानं चहा करून तिच्यापुढे ठेवला, तिनं तो घेतला. गुरुवारी तो बसला नाही.

शुक्रवारी सकाळी ती विनीच्या पायरीपाशी गुडघ्यांवर बसली. बादली, फडकं, दगड. आधी धुवायची, मग ओली असतानाच दगड फिरवायचा, आणि शेवटी कडेला बोटभर रुंद पिवळी रेघ ओढायची, अगदी सरळ. कोणी बघायला नव्हतं तरी तिचा हात चांगला चालला होता. मग तिला जाणवलं की कोणीतरी बघतंय. तिच्या घराच्या खिडकीत, काचेमागे एमॉस उभा होता. त्यानं बाहेर जायचा कोट घातला होता. त्यानं काचेवर टकटक केली आणि तिनं वर बघितलं, सवयीनं. तो बोलू लागला. ओठांनी, सावकाश, एकेक शब्द सोडवून, चॅपेलमध्ये ती बोलायची तसा. पहिला शब्द तिनं वाचला, "मी". दुसरा वाचला, "आता". पुढे पाच-सहा शब्द होते. तिनं मान खाली घातली आणि रेघ ओढत राहिली. रेघ हलली, ती तिनं पुसली आणि पुन्हा ओढली. मग दार उघडलं. त्याचे लाकडी तळव्याचे बूट फरशीवर वाजले, तिच्या पाठीशी आले, तिथे थांबले. तो पायरीवर पाय देऊन पलीकडे गेला, जाणूनबुजून, की रस्ता अरुंद म्हणून, ते तिला शेवटपर्यंत समजलं नाही. ओल्या पिवळ्यावर अख्खा पाय उमटला, खिळ्यांसकट. बूट गल्लीच्या टोकापर्यंत वाजत गेले. डावीकडे गिरणी, उजवीकडे स्टेशन. तिला वाटलं, वळून बघावं. ते वाटणं गेलं तोवर आवाजही गेला होता. तिनं फडकं पिळलं आणि तो पाय पुसून टाकला.

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारीही नाही. बॉयलर भरला असेल, तिथेच झोपत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. जाऊन बघितलं नाही. जाऊन काय विचारणार?

रविवारी दुपारी गाड्या आल्या. पोरं, पेट्या, उन्हानं सोलवटलेली नाकं यांनी गल्ली भरून गेली. लेटी नुकतीच विनीची पायरी पुन्हा घासून आपल्या दारात उभी होती, स्वच्छ एप्रन बांधून, शाबासकीची वाट बघत. पण पायरीकडे कोणी बघत नव्हतं. माणसं गल्लीच्या तोंडाशी थांबत होती, पेट्या खाली ठेवत होती आणि वर बघत होती. गिरणीच्या चिमणीतून धूर निघत नव्हता. आभाळ अजून निळं होतं. जो हॅस्लम तसाच गिरणीकडे पळाला आणि पंधरा मिनिटांत धापा टाकत परत आला. बॉयलरच्या खोलीला बाहेरून कुलूप, खिडकीतून बघितलं तर आत माणूस नाही, विस्तव नाही. उद्या अकराशे माणसं फाटकापाशी उभी राहणार आणि त्या म्हाताऱ्या बॉयलरची खोड एमॉसशिवाय कोणाला माहीत नाही. दुसरा माणूस हाताखाली दिला होता, पण बोलल्याशिवाय तो शिकणार काय! हॅस्लम सरळ पिलिंगांच्या दारात आला. आत डोकावून त्यानं हाक मारली, "एमॉस! अरे एमॉस!" गेल्या जानेवारीनंतर ते नाव त्या गल्लीत मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं. विनी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात लेटीसाठी आणलेली गुलाबी साखरेची कांडी होती.

"बोलाव त्याला," हॅस्लम लेटीला म्हणाला. "ब्लॅकपूललाच आमचं ठरलं. झालं तेवढं पुरे. सोमवारपासून बोलायचं त्याच्याशी. तूच सांग त्याला आधी, बरं वाटेल त्याला." मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "कुठे गेलाय तो?"

खिडकीतले ते ओठ तिला दिसले. मी. आता. पुढचे शब्द कोणते होते ते आठवायला ते कधी तिच्यापर्यंत आलेच नव्हते. सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती, झाडून सगळी, एकही मान वळलेली नव्हती.

"मला काय माहीत?" लेटी म्हणाली. "आम्ही बोलत नाही."

हॅस्लम मागे सरकला आणि त्याचा पाय शेजारच्या, म्हणजे त्याच्याच, पायरीच्या कडेवर पडणार होता, तेव्हा तिनं त्याला सांगितलं की बघून, ओली आहे अजून.